आवाज येतो, पण शब्द कळत नाही

जुमाची नमाज पढून आले की आमचे मामू एकच तक्रार करायचे, "इमामसाहेब हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." मशिदीतला लाऊडस्पीकर चांगला होता आणि बाकी कुणाची तक्रार नव्हती. यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षे काढलेल्या मामूंना आपले कान कमजोर झालेत असे वाटलेच नाही, कारण आवाज तर येत होता.

इथेच बहुतेक घरे फसतात. ऐकू कमी येणे म्हणजे एकदम शांतता नव्हे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात. वय आणि गोंगाट यांमुळे बारीक, तीव्र आवाज टिपणाऱ्या पेशी आधी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मग ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘फ’ निसटतात. ‘आ’, ‘ओ’ मात्र ऐकू येतात. साखर मागितली की मामू चादर आणून द्यायचे आणि आम्ही हसायचो. हसायला नको होते.

घरच्यांच्या लक्षात येईल अशा खुणा बऱ्याच असतात. मुलाचे बोलणे कळते, पण नातीचा पातळ आवाज कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढत जातो. फोन नेहमी एकाच कानाला लावला जातो. दावतीत चौघे एकदम बोलू लागले की माणूस नुसती मान हलवतो, पुढे दावतीला जाणेच टाळतो. रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखे होते. याला आपण ‘म्हातारपणाचा चिडचिडेपणा’ म्हणून मोकळे होतो.

आपल्या जिल्ह्यात हे फक्त म्हाताऱ्यांचे दुखणे नाही. जिनिंग, वणीकडच्या कोळशाच्या खाणी, थ्रेशर, आणि आता प्रत्येक लग्नात डीजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये. मोजायला यंत्र कुठून आणणार? हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज जास्त आहे, असे समजावे. काम सुटल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात, सकाळी ठीक होतात. पण तोच पहिला इशारा असतो.

बाळाच्या बाबतीत तर वेळ फारच थोडा असतो. जन्मल्यावर आपण त्याच्या कानात अजान देतो. त्याच दिवसांत डॉक्टरांना कानाच्या तपासणीबद्दल विचारावे. ही तपासणी काही मिनिटांची, सुई न टोचता होणारी असते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा हिशेब आहे. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही नावाला ओ देत नसेल, तर "त्याचे अब्बाही उशिराच बोलले" म्हणत बसू नये. जवळच्या नात्यात निकाह झाला असेल, घराण्यात कुणी जन्मापासून बहिरे असेल, तर तपासणी चुकवूच नये. यात लाजण्यासारखे काही नाही, ऐब तर नाहीच.

मुलाचा कान वाहत असेल तर गरम तेल घालू नका. काडी, हेअरपिन, रस्त्यावर कान साफ करणारा, हे सगळे बंद. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकूच येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही दिवस गेले की औषधाचा उपयोग कमी होत जातो.

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मूल दाखवता येते. दोष मोठा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते.

मामूंना राजी करायला अम्मीला दोन वर्षे लागली. "भाईजान, माझ्यासाठी चला," म्हणाली तेव्हा कुठे ते उठले. यंत्र लावून घरी आले आणि तासाभरात नवीन तक्रार सुरू झाली, "भांडी एवढी कशाला आपटता?"