आठ हजारांचे नऊ हजार कसे झाले?



मोहफुलांचे लाडू करणाऱ्या आपल्या महिला बचत गटाचा हिशेब पाहताना खजिनदार बहिणीने मला विचारले, “ताई, फुलांसाठी आठ हजार धरले होते, नऊ हजार गेले. आठ खोडून नऊ लिहू का? देणगीदारांना काय वाटेल?” क्षणभर मलाही ‘लिही’ म्हणावेसे वाटले. पण ते बरोबर नव्हते. का, हे समजण्यासाठी चार शब्द ओळखून घेऊ.

अंदाजपत्रक : वर्ष सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मंजूर केलेली जमाखर्चाची योजना. मंजुरीनंतर त्यातला आकडा खोडायचा नाही.

प्रत्यक्ष : पावत्यांप्रमाणे खरोखर झालेली जमा व खर्च.

तफावत : या दोहोंतला फरक. खर्च वाढला तर ती प्रतिकूल, विक्री वाढली तर अनुकूल.

सुधारित अंदाज : आजवरचे प्रत्यक्ष आकडे आणि उरलेल्या महिन्यांचा नवा अंदाज मिळून वर्षअखेर काय होईल, ते. परिस्थिती बदलली की हा बदलायचा. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पातही मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष यांचे रकाने वेगळे असतात.

आता आमची तफावत पाहा. 200 किलो फुले 40 रुपये दराने घ्यायची ठरली होती. मिळाली 180 किलो, तीही 50 रुपयांनी. म्हणजे दरवाढीमुळे 1,800 रुपये जास्त गेले आणि 20 किलो कमी घेतल्याने 800 वाचले. वरवर फरक हजाराचाच. पण खरी अडचण दराची होती. आठ खोडले असते तर ती झाकली गेली असती, लाडवांची किंमत जुनीच राहिली असती आणि बायांची मजुरी बुडाली असती.

तुलना करताना शीर्षक आणि कालावधी सारखाच हवा. मोहफुले मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये गळतात, आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. एकाच हंगामाची खरेदी दोन वर्षांत विभागली जाते! म्हणून वार्षिक रकमेला बाराने भागून चालत नाही. जो खर्च ज्या महिन्यात होणार, तो त्याच महिन्यात धरावा आणि यंदाच्या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशी करावी.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे आपण लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात वाचतो. काम सुरू झाल्यावरही पुन्हापुन्हा बसावे लागते, हे मला या बहिणींनी शिकवले.

त्यांच्या वहीत आठ आणि नऊ शेजारीशेजारी आहेत, पुढे कारण लिहिले आहे. आमच्या जमाखर्चात तफावत दिसली, तर अवश्य कारण विचारा. तफावत म्हणजे दोष नव्हे. लपवलेली तफावत मात्र दोषच.