धुराच्या वाटेवरची वीज

खालापूर तालुक्यातले खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५मध्ये सुरू झाले, कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२मध्ये. घाटावरच्या पाण्याची ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली आणि तिथला कोळसा कमी झाला. विजेने धूर टळतो, हे खालापूर-कर्जतने असे फार लवकर पाहिले. निघालेला धूरही वीज अडवू शकते, याची दखल मात्र फारशी कोणी घेत नाही.

धूर अडवणारे ते यंत्र म्हणजे ईएसपी, अर्थात इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी सल्फ्युरिक आम्लाच्या धुक्यावर प्रयोग करून १९०८मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि पुढे पेटंटचे उत्पन्न विज्ञानसंशोधनासाठी देऊन टाकले. पोलादी पत्र्यांच्या उभ्या रांगा आणि त्यांच्या मधोमध टांगलेल्या तारा. तारांवर हजारो व्होल्टचा ऋण दाब चढवला की त्यांच्याभोवतीचा वायू आयनित होतो. हाच कोरोना डिस्चार्ज. धुरातले राखेचे कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात, हातोड्यांच्या ठोक्यांनी सुटून हॉपरमध्ये पडतात. चांगल्या यंत्रात ९९ टक्क्यांहून अधिक राख अडते.

खरी परीक्षा आपल्या कोळशाची. त्यात राख तीस-चाळीस टक्के, गंधक कमी. गंधक कमी म्हणून राखेचा विद्युतरोध जास्त. पत्र्यावरच्या थरातून भार निघत नाही आणि उलटा कोरोना सुरू होऊन पकडलेली राख पुन्हा उडते. म्हणून इथले ईएसपी मोठे बांधावे लागतात. परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलून भागत नाही.

धूळ अडली तरी वास असलेले रसायनांचे बाष्प सुटतेच. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यासारख्या रासायनिक वसाहतींचा प्रश्न हा आहे. त्यासाठी विजेचीच दुसरी रचना वापरतात: दोन इलेक्ट्रोडांमध्ये काच किंवा सिरॅमिक, फट काही मिलिमीटरची. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७मध्ये ओझोन करायला तीच वापरली होती. वायू जवळपास थंडच राहतो, पण इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात की त्यांच्या धडकांतून ऑक्सिजनचे अणू आणि हायड्रॉक्सिल तयार होतात. तेच वासाचे रेणू मोडतात.

विरळ वासासाठी मला हे तंत्र मोलाचे वाटते. दाट सॉल्व्हंट बाष्पासाठी नाही: ठिणगीने स्फोटाचा धोका असतो आणि रेणू जितके जास्त तितकी वीज जास्त. तिथे बाष्प थंड करून परत मिळवावे किंवा जाळावे. शिवाय डिस्चार्जमधून ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अर्धवट मोडलेले रेणूही बाहेर पडतात. म्हणून पुढे उत्प्रेरक हवा, आणि विकत घेणाऱ्याने वास गेला का एवढेच न पाहता चिमणीतून निघणाऱ्या या तिन्हींची मोजणी मागायला हवी.