लग्नाच्या कॅसेटमधला आवाज

मुलांनो, मागच्या वर्षी आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. कुणी कंदील आणला, कुणी अडकित्ता, कुणी पायली. चौथीतल्या एका पोरानं पुस्तकाएवढी काळी, चपटी डबी आणली. मी विचारलं, "ओळखा पाहू, काय आहे हे?"

"कंपासपेटी!" "मॅडम, हार्ड डिस्क!" एकजण तर म्हणाला, "उंदराचा पिंजरा हाय!" सगळा वर्ग हसला.

ती होती व्हिडिओ कॅसेट. तुमच्याही घरी एखादी असेल. माळ्यावरच्या पेटीत नाहीतर आईच्या साड्यांखाली. वर कागद चिकटवलेला असेल, 'शुभविवाह'.

आत असतं तरी काय?

कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर भरते, बरं का! फितीवर चुंबकीय कणांचा पातळ थर असतो. चित्र आणि आवाज त्या थरावर चुंबकीय खुणांच्या रूपात उमटतात. कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की आतला एक गोल ढोल गरगर फिरतो, मिनिटाला १५०० वेळा! ढोलावरची 'हेड' फितीवरच्या तिरप्या रेषा वाचतात आणि टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं दिसतात. 'व्हीएचएस' नावाची ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली बाजारात आणली.

पण फीतही म्हातारी होते. खुणा फिक्या पडतात, थर सुटू लागतो, पावसाळ्यातल्या ओलीनं बुरशी धरते. आणि वाचणारं यंत्रही आता मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनंही जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणून कॅसेटवरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं.

माझी फजिती

हे शहाणपण मला ठेच लागून आलं. माझ्या मावशीचं लग्न १९९६ साली रिसोड तालुक्यातल्या आमच्या आजोळी झालं. शूटिंगवाला मोठा लाइट घेऊन आला होता. तीन वर्षांनी आबाजी, म्हणजे माझ्या आईचे वडील, वारले. त्यांचा फोटो आहे तो फक्त निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा. आवाज तर कुठंच नाही. आजी नेहमी म्हणायची, "कॅसेटीत असतील ते."

गणपतीत व्हीसीआर भाड्यानं देणाऱ्या एका काकांकडे जुनं यंत्र निघालं. काका म्हणाले, "आधी दुसरी कॅसेट लावून पाहा." मला कुठला धीर! मी लग्नाचीच घातली. कुर्रर्र आवाज आला आणि यंत्रानं फीत गिळली. मेकॅनिकनं झाकण उघडून ती हळूहळू सोडवली. पण चुरगळली ती चुरगळलीच. मंगलाष्टकांचा थोडा भाग कायमचा गेला. आजी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मग मेकॅनिकनं हेड साफ केले. एक जुनी सिनेमाची कॅसेट अर्धा तास लावून पाहिली आणि नंतरच आमची घातली. व्हीसीआरच्या मागं तीन पिना लावल्या : पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या एका छोट्या 'कॅप्चर' यंत्रातून कॉम्प्युटरला जोडल्या आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. इथं घाई चालत नाही. कॅसेट तीन तासांची, तर कामही तीन तासांचं. मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून!

आता आली एडिटिंगची पाळी. माझा मामेभाऊ म्हणाला, "ताई, ही पंगत काढून टाक. चार मिनिटं नुसते लोक जेवतात. गाणंसुद्धा नाही." खरंच होतं. तेव्हा 'मिक्सिंग'वाले खरा आवाज काढून सगळीकडे सिनेमाची गाणी टाकायचे. पंगतीपाशी मात्र गाणं संपलं होतं. मी कात्री चालवणार, तेवढ्यात मागून आजी ओरडली, "थांब माय! हा तं ह्यायचा आवाज हाय!"

आम्ही आवाज मोठा केला. भांड्यांच्या खणखणाटात कुणीतरी हाक देत होतं, "इकडे भात येऊ द्या! पाहुण्यायले बुंदी वाढा रे!" आबाजी चित्रात नव्हतेच, कॅमेऱ्यामागं उभे असावेत. आजीनं ते चार वेळा लावायला सांगितलं. ज्या तुकड्याला आम्ही कंटाळवाणा म्हणत होतो, तेवढ्यातच आबाजी होते.

मोठ्या सिनेमांचंही तसंच

भारताचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून आपण ज्याचा मान करतो, तो दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. आज तो पूर्ण उरलेला नाही. पण त्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' बराचसा पाहता येतो. त्यात कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी या चित्रपटाचे विखुरलेले तुकडे मिळवले आणि फाळक्यांच्या टिपणांच्या आधारानं क्रमानं लावले. 'हे तुकडे कशाला?' म्हणून कुणी फेकून दिले असते, तर तो खोडकर कृष्ण आपल्याला दिसला असता का?

तेव्हा या सुट्टीत घरात कॅसेट शोधा. सापडली तर एवढं सांभाळा : फितीला बोट लावू नका. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालूच नका, जाणत्या माणसाला दाखवा. पहिल्यांदा साधी कॅसेट लावून यंत्र तपासा. सगळी कॅसेट जशीच्या तशी उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा. कापाकापी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि उतरवलेलं पाहताना आजी-आजोबांना शेजारी बसवा, वही-पेन जवळ ठेवा. कोण कुठं उभं आहे, हाक कुणाची, हे त्यांनाच ओळखू येतं.

आमच्या वहीत पंगतीपुढं लिहिलं आहे : 'आबाजींचा आवाज. कापू नये.'