रॉसवेलचा फुगा, हैदराबादचा फुगा

१९४७ च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलपासून लांब एका माळावर एका पशुपालकाला काय सापडलं? रबराच्या चिंध्या, चंदेरी वर्ख, कागद, बारीक काठ्या, चिकटपट्टी. एवढ्या सामानात आपल्याकडे आकाशकंदील होतो. तिथे उडती तबकडी झाली. ८ जुलैला हवाई तळानेच तबकडी हाती लागल्याचं पत्रक काढलं. लगेच वरिष्ठांनी सारवासारव केली: हवामानाचा फुगा होता.

ही सारवासारव निम्मीच खरी होती. फुगा होता, पण हवामानाचा नव्हता. सोव्हिएत रशियाने अणुचाचणी केलीच, तर स्फोटाचा ध्वनी वातावरणाच्या वरच्या एका थरातून फार दूरवर वाहत येईल, असा भूभौतिकज्ञ मॉरिस युइंग यांचा तर्क होता. तो ध्वनी ऐकण्यासाठी ‘प्रोजेक्ट मोगल’ या गुप्त योजनेत फुग्यांच्या लांबलचक माळा सोडल्या जात. त्यांना ध्वनिग्राहक बांधलेले असत आणि रडारवर दिसावेत म्हणून वर्खाचे परावर्तकही. ४ जूनला अलामोगोर्डोहून सुटलेल्या माळेचेच ते अवशेष असावेत, असं अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये मांडलं. परावर्तकांच्या चिकटपट्टीवर फुलांची नक्षी होती, असं योजनेवरच्या मंडळींना आठवत होतं. लोकांच्या तोंडी त्याच नक्षीची परग्रहावरची चित्रलिपी झाली! परग्रहवासीयांचे मृतदेह वगैरे मंडळी कथेत आली ती तीसेक वर्षांनी, पुस्तकांबरोबर. लपवालपवी झाली होती हे खरंच. पण लपवलं होतं ते पृथ्वीवरच्याच शत्रूवर पाळत ठेवण्याचं तंत्र.

दुसरा फुगा मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की, जीवसृष्टीचं बीज धूमकेतूंबरोबर अंतराळातून येतं. म्हणजे पाहुणे येतात, पण यानातून नव्हे आणि बुद्धिमानही नव्हेत. ते तपासायला जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व पुन्हा २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडले. निर्जंतुक केलेल्या, अतिशीत पोलादी नळ्यांत ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला हॉयल यांचं नाव मिळालं, एकीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. जवळच्या भाऊबंदांपेक्षा त्या अतिनील किरणांना कमी दाद देत होत्या.

‘प्रेषित’सारखी विज्ञान कादंबरी लिहिणाऱ्या नारळीकरांना इथे जाहीर जल्लोष करायला हरकत नव्हती. पण २००९ मध्ये इस्रोने निकाल सांगताना स्पष्ट केलं की, हे जंतू पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. ते बरोबरच होतं. खालून एवढ्या उंचीवर जंतू चढतात कसे हे कोडं आहे. पण कोडं म्हणजे पुरावा नव्हे. त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्या जिवांपेक्षा वेगळं भरलं, तर गोष्ट निराळी.