खंडेनवमीच्या पूजेआधी मोटारसायकल तपासा

खंडेनवमी जवळ आली की आपल्या बेळगावात घरोघरी गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. झेंडूची माळ, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळे साग्रसंगीत होते. मग सुट्टीत हीच गाडी घेऊन आपली मुले जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला उतरतात किंवा आंबोली गाठतात. मात्र जून ते सप्टेंबर ती एकतर पावसात भिजलेली असते, नाहीतर जिन्याखाली उभी असते. धुतलेली गाडी चकचकीत दिसते, पण उतारावर ती वेळेवर थांबेल का, हे धुण्याने कळत नाही. म्हणून पूजेच्या आठ दिवस आधी तासभर काढून पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो. सणाच्या तोंडावर गॅरेजमध्ये गर्दी होते आणि काम घाईत उरकले जाते.

ब्रेक : ड्रम ब्रेकमध्ये पाणी व चिखल शिरून आतले भाग गंजतात. पायाचा ब्रेक सोडल्यावर चटकन मागे येत नसेल तर ड्रम उघडून साफ करून घ्यावा. बहुतेक गाड्यांना ड्रमच्या बाहेर झीज दाखवणारी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण तिथे पोहोचला की ब्रेक शू बदलायचे. डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी आणि डबीतील ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि ब्रेक दाबला तरी पोकळ लागतो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे. उतरताना खालचा गिअर ठेवला तर ब्रेकवरचा ताणही कमी होतो.

टायर : हवा टायर थंड असताना भरावी, किती, ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असते. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुन्या टायरला बारीक भेगा दिसत असतील तर तो घाटात नेऊ नये.

चेन : चिखल पुसून, गंज काढून तेल द्यावे. फार ढिली चेन उतरते, फार ताठ चेन बेअरिंग खाते. इंजिन सुरू ठेवून चेन कधीही पुसू नये, बोटे अडकतात.

ऑइल, पेट्रोल, बॅटरी : इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, गाडी तशीच चालवू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते पाणी ओढते, त्यामुळे कित्येक महिने टाकीत राहिलेले पेट्रोल काढून नवे भरलेले बरे. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी पुसून व्हॅसलीन लावावे. उभ्या गाडीच्या एअर फिल्टरजवळ उंदीर घर करतात, वायरीही कुरतडतात. तेवढे जरूर पाहावे.

दिवे : मागचा लाल दिवा हाताच्या आणि पायाच्या अशा दोन्ही ब्रेकने लागतो का, हे घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून पाहावे.

कागदपत्रे : १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे अनेक घरांत पाच वर्षे निश्चिंती, असे धरून चालतात. पण थर्ड पार्टी विमा हा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो आणि तो केव्हाच संपलेला असतो. पॉलिसीवर दोन्ही तारखा वेगळ्या छापलेल्या असतात, त्या वाचाव्यात. पीयूसीची मुदतही पाहावी. गाडीला १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे. आयएसआय खुणेचे हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवे.

पूजेच्या दिवशीही दोन गोष्टी पाळाव्यात. माळ हेडलाइटवर किंवा हँडल वळते तिथे बांधू नये, आणि निघण्यापूर्वी ती काढून ठेवावी; दोरा चाकात गुंडाळला जातो. कोहळा फोडला तर त्याचे तुकडे लगेच उचलावेत, नाहीतर आपल्या दारातच दुसऱ्याची गाडी घसरते.

ज्या अवजारावर घरातल्या माणसांचा जीव सोपवतो ते नीट राखणे हाही खंडेनवमीच्या पूजेचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते. सर्व सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना दसऱ्याच्या शुभेच्छा!