छापील किंमत कुणाची?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वे स्थानकांवर मिळणाऱ्या 'रेल नीर'च्या लिटरभर बाटलीची किंमत १५ रुपयांवरून १४ रुपये झाली. जुन्या साठ्यातल्या बाटलीवर आकडा मात्र १५चाच. स्टॉलवाल्याच्या हातात १५ रुपये ठेवून गाडी पकडायला धावलेल्या प्रवाशाने छापलेलेच पैसे दिले, तरी त्याचा एक रुपया जास्तच गेला. छापील किमतीवर एक पैसाही जास्त द्यायचा नाही, एवढा कायदा आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो. ती छापील किंमतच शिळी झाली तर काय करायचं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. १८ उणे ५ म्हणजे १३ टक्के स्वस्ताई, असा हिशेब अनेकांनी मनात मांडून ठेवला होता आणि बिल पाहून ते चिडले. दुकानदाराची बाजू इथे थोडी ऐकून घ्यायला हवी. छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. १०० रुपयांच्या वस्तूतून १८ टक्के कर बाजूला काढला की मूळ किंमत ८४ रुपये ७५ पैसे उरते. तिच्यावर ५ टक्के चढवले की ८८ रुपये ९८ पैसे. म्हणजे ११ रुपये कमी व्हायला हवेत, १३ नव्हे. आणि ५ रुपयांच्या बिस्किटपुड्याचे याच गणिताने होतात ४ रुपये ४५ पैसे. तेवढी चिल्लर आज कुणाच्या गल्ल्यात आहे?

कर बदलल्यावर काय करायचं ते नियमांत लिहिलेलं आहे. 'वैध मापन (पॅकबंद वस्तू) नियम, २०११' सांगतात, की कंपनीने सुधारित किंमत वर्तमानपत्रात किमान दोन जाहिराती देऊन आणि व्यापाऱ्यांना पत्रक धाडून कळवायची. त्यानंतर दुकानदाराने त्या किमतीच्या वर विकायचं नाही. २०२५मध्ये केंद्र सरकारने जाहिरातींची अट काढून टाकली. व्यापाऱ्यांना पत्रक पाठवलं की पुरे. जुन्या मालावर नव्या किमतीचं स्टिकर लावणं कंपनीच्या मर्जीवर सोडलं, आणि छापून ठेवलेली जुनी वेष्टनं ३१ मार्च २०२६पर्यंत वापरायची मुभा दिली. कारखानदारांची मोठी सोय झाली. ग्राहकाच्या हातातलं पाकीट मात्र मुकं झालं. नवी किंमत पत्रकात, पत्रक दुकानदाराच्या खणात. करकपातीचा लाभ दाबून ठेवणाऱ्यांविरुद्ध नफेखोरीच्या ज्या तक्रारी करता येत, त्या नव्याने घेणं १ एप्रिल २०२५पासूनच थांबलं होतं. दर उतरण्याच्या साडेपाच महिने आधी तो दरवाजा लागला, याला योगायोग म्हणायचं की काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता खुद्द स्टिकरकडे वळू. तेलाचा डबा किंवा चहाचं पाकीट उचलून उजेडात धरलं, की कधी कधी किमतीच्या जागी पांढरी चिकटपट्टी दिसते. तिची एक कड नखाने उचलली, तर खाली दुसरा आकडा असतो. खालचा आकडा लहान आणि वरचा मोठा असेल, तर बोलणंच संपलं. छापलेली किंमत खोडणं, पुसट करणं किंवा बदलणं घाऊक व्यापाऱ्यालाही मना आहे आणि किरकोळ दुकानदारालाही. मालासाठी वेष्टन वापरून झाल्यावर त्यावरची किंमत बदलायची मुभा उत्पादकालाही नाही. किंमत उतरवायची असेल, तर मात्र स्टिकर चालतं. पण ते जुन्या किमतीवर डकवायचं नाही. जुना आणि नवा, दोन्ही आकडे ग्राहकाला दिसले पाहिजेत. परदेशी चॉकलेटच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, तारीख आणि रुपयांतली किंमत सांगणारं जे स्टिकर असतं, ते नियमानुसारच असतं. त्यावर आणखी एखादं स्टिकर चढलं, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. आणि चिकटपट्ट्यांची अदलाबदल ग्राहकाने केली, महागाच्या डब्यावर स्वस्ताचं लेबल लावून काउंटर गाठलं, तर ती सरळसरळ फसवणूक.

'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' हे शब्द पाकिटावर सक्तीचे झाले ते १९९०मध्ये. त्याआधी किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' अशी शेपटी असायची आणि त्या शेपटीच्या आडून दुकानदार वाटेल ते लावायचे. मुळात छापील किंमत ही सरकारने ठरवलेली किंमत नव्हे. काही औषधांसारखे अपवाद सोडले, तर ती कंपनीच ठरवते. कायद्याचं म्हणणं इतकंच, की तुम्हीच घातलेली मर्यादा तुम्हीच ओलांडायची नाही. दूध, ताक, थंड पेयाच्या बाटलीमागे एक-दोन रुपये 'कूलिंग चार्ज' म्हणून उकळले जातात, त्याला यात कुठेच आधार नाही. फ्रिजच्या विजेचं बिल दुकानदाराला येतं हे खरं, पण ते त्याने मिळणाऱ्या कमिशनमधून भागवायचं. हॉटेलची गोष्ट निराळी. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हॉटेलात बसून पाण्याची बाटली मागवणारा नुसतं पाणी विकत घेत नाही, तो टेबल-खुर्ची आणि सरबराईही घेतो. त्यामुळे तिथे छापील किमतीचं बंधन लागत नाही.

सुपरमार्केटात खरी गल्लत होते ती रॅकच्या कडेला लावलेल्या किमतीच्या पट्टीमुळे. पट्टीवर १८० रुपये, काउंटरवर बारकोड वाचला की २१०, आणि पाकिटावर छापलेले २५०. छापील किमतीचा नियम इथे मोडलेला नाही. मग १८०लाच द्या, असा हट्ट धरता येतो का? याचं उत्तर लंडनच्या एजवेअर भागातल्या एका औषधदुकानापाशी जाऊन पोहोचतं. बूट्स कंपनीने तिथे ग्राहकाने स्वतः माल उचलायची पद्धत सुरू केली आणि औषधविक्रेत्यांच्या संस्थेने तिला न्यायालयात खेचलं. १९५३मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की मांडणीवर ठेवलेला माल हे नुसतं आमंत्रण आहे. विकत घेण्याचा प्रस्ताव ग्राहक काउंटरवर मांडतो आणि तो स्वीकारायचा की नाही हे दुकानदार ठरवतो. आपल्या करार कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवला जातो. थोडक्यात, पैसे देण्यापूर्वी चूक लक्षात आली तर दुकानदार 'पट्टी बदलायची राहिली' म्हणून १८०ला द्यायला नकार देऊ शकतो, आणि ग्राहक माल तिथेच ठेवून निघू शकतो.

पैसे घेऊन झाल्यावर मात्र चित्र पालटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूवर, वेष्टनावर किंवा दुकानात लावलेल्या दरपत्रकावर दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेतली, तर ते थेट तक्रारीचं कारण आहे. घरी पोहोचल्यावर बिलात ३० रुपये जास्त दिसले, की 'कॉम्प्युटरने घेतले' हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही. अडचण पुराव्याची. ग्राहक परत येईपर्यंत पट्टी बदललेली असते. म्हणून पट्टीचा फोटो हवा, आणि तो माल उचलतानाच काढलेला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने हा झगडा सोपा करून टाकला आहे. स्कॅनरने जास्त किंमत लावली तर फरक तर परत द्यायचाच, वर फरकाच्या दहापट बक्षिशी, किमान १ आणि कमाल ५ डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण चूक महागात पडते म्हटल्यावर पट्ट्या वेळेवर बदलल्या जातात.

खोडलेली किंमत आणि तिच्याखाली लाल अक्षरांत नवी किंमत, या खेळात आपला कायदा जरा ढिला पडतो. एखादी वस्तू सहसा ज्या भावाला विकली जाते त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही आपल्याकडे अनुचित व्यापार प्रथा मानली जाते खरी, पण 'सहसा' म्हणजे कधीपासून? युरोपीय संघाने त्याला मुदत घातली आहे: सूट जाहीर करताना मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगायची. जर्मनीत आल्डी सूड या साखळी दुकानाने केळी १.२९ युरोला, २३ टक्के सुटीत, अशी जाहिरात केली. सूट मोजली होती १.६९ युरोवरून, आणि त्या ३० दिवसांत केळी १.२९लाच विकून झाली होती, हे बारीक अक्षरात. ग्राहक संघटना न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की टक्केवारीसुद्धा त्या नीचांकी किमतीवरूनच काढायची. तो हिशेब लावला तर केळ्यांवरची सूट शून्य. आपल्या दिवाळी सेलना ही मोजपट्टी लावली, तर किती 'पन्नास टक्के' टिकतील कोण जाणे.

ग्राहकांची संघटित चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही झालेला नव्हता. आज हत्यारं जास्त आहेत. पाकिटावरच्या खाडाखोडीची तक्रार जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात करायची. निरीक्षक दुकानात जाऊन माल तपासू शकतो. जास्त घेतलेल्या पैशांसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो, आणि मुदत दोन वर्षांची. तक्रारीसोबत बिल जोडावं लागतं, आणि थर्मल कागदावरची शाई तर काही महिन्यांत उडून जाते. बिल हातात पडलं की त्याचाही फोटो काढून ठेवावा.