धीर, आधार आणि औषध

राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या दिवशी दूरदूरची माणसे येतात आणि दर्शन घेतल्यावर 'जीव हलका झाला' असे म्हणतात. हा नुसता भास आहे काय? मी वैद्य नाही, कामगारांत वावरणारा माणूस आहे. पण वाचून, विचारून जे समजले, त्यावरून हा भास नाही असे मला वाटते.

१९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. वेदनाशामक म्हणून त्यांना गुण नसलेले औषध दिले, तरी काहींची कळ कमी झाली. पुढे मेंदूतील वेदनाशामक द्रव्याला अडवणारे औषध देताच त्यांची कळ वाढली. म्हणजे भरवसा वाटला, की मेंदू स्वतःच वेदना दाबणारे द्रव्य सोडतो.

पण या भरवशालाही मर्यादा आहे. रानात साप चावला तर विष कोणाची श्रद्धा पाहत नाही. तेथे दवाखाना आणि प्रतिविषच हवे. सर्पदंशाच्या रोग्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जशी श्रद्धा, तशीच माणसांची सोबत. कॅलिफोर्नियात १९६५ पासून सुमारे ७,००० लोकांची नऊ वर्षे पाहणी झाली. नातीगोती, मित्र, मंडळे यांपासून तुटलेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत पाहणी सुरू झाली. तेथे पट्टेवाल्यांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. तंबाखू, रक्तदाब यांचा हिशेब वजा करूनही फरक पुरता मिटला नाही. त्याच कचेऱ्यांतील पुढच्या पाहणीत दिसले, की आपल्या कामात ज्यांना काहीच बोलता येत नाही, त्यांना हा विकार अधिक जडतो. सततच्या धास्तीने नाडी व रक्तदाब चढतो, आणि वर्षानुवर्षे ते चालले की शरीर झिजते. म्हणून कामगाराला मानाने वागवणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

आता आपल्या घरातले पाहा. क्षयाच्या गोळ्या साधारणपणे सहा महिने घ्याव्या लागतात. थोडे बरे वाटताच रोगी त्या सोडतो, आणि घरच्यांनी त्याचे ताट वेगळे केले, तर त्याचा धीरही सुटतो. वास्तविक क्षय ताटाने पसरत नाही, हवेतून पसरतो. औषध जंतू मारते. पण ते सहा महिने पोटात जावे, यासाठी आठवण करून देणारे माणूस लागते. तेवढे माणूस तर आपण एकमेकांसाठी होऊ शकतो.